आयत्या वेळचा विषय

रविवारची बैठक देवाजींनी नऊची लावली होती आणि पावणेनऊलाच ते खुर्चीत येऊन बसले होते. अध्यक्षानं आधी यायचं असतं, हे त्यांचं जुनं मत. आमच्या गजघाट्यांच्या घरात बैठकीशिवाय काही व्हायचंच नाही. न्हाणीला दार बसवायचं आहे? बैठक. शेजाऱ्याची कोंबडी आपल्या अंगणात अंडं घालते? बैठक. मिलमधून निवृत्त होऊन देवाजींना सहा वर्षं झाली होती, वस्तीच्या समितीचं अध्यक्षपद तरण्या पोरांनी गोड बोलून काढून घेतलं होतं, तेव्हा राहता राहिलं घर. तिथं त्यांची खुर्ची अजून शाबूत होती. लाल पुठ्ठ्याची ठरावांची वही होती, सूचक होते, अनुमोदक होते, हात वर करून मतदान होतं. एरवी चांगलं आपल्यासारखं बोलणारा हा माणूस बैठक सुरू झाली की छापील मराठी बोलायला लागायचा.

नियम दोन होते आणि ते मोडायची कोणाची टाप नव्हती. ज्याच्याबद्दल विषय चालू आहे त्यानं बोलायचं नाही, मतही द्यायचं नाही, कारण स्वतःच्या बाबतीत माणूस निःपक्षपाती राहत नाही, हा पहिला. आणि सगळ्यात शेवटी 'आयत्या वेळचे विषय' असा पुकारा होईल, तिथं घरातल्या कोणालाही काहीही मांडता येईल, हा दुसरा. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून बैठका चालू होत्या आणि त्या अठरा वर्षांत आयत्या वेळी कोणीही काहीही मांडलं नव्हतं. तिथपर्यंत पोचेस्तोवर सगळ्यांना भूक लागलेली असायची.

त्या दिवशी वहीत विषय दोनच होते. पहिला, प्रेमिलाला आलेल्या स्थळाचा विचार करणे. दुसरा, प्रेमिलाचे अमेरिकेस जाणे. पहिला मंजूर झाला की दुसरा आपोआप आडवा होणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. देवाजींनी क्रम तसाच लावला होता. आमच्याकडे डाव असे टाकले जात, तोंडानं मात्र सगळे लोकशाही म्हणत.

स्थळ आणलं होतं सिंधूताईनं. सिंधूताई म्हणजे देवाजींची मुलगी, प्रेमिलाची आत्या. मुलगा अजनीला रेल्वेत, घर पक्कं, आई स्वभावानं गरीब, असं ती गेले आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. पोरगी सत्तावीसची झाली, आता तरी पाहा, असं ती म्हणे, आणि त्यात काळजीही खरीच होती. थोडी असूयाही होती, ती कशाला लपवायची? सिंधूताईला सातवीतून काढून बोहल्यावर चढवलं होतं आणि भाची कॉलेजात पोरांना इतिहास शिकवत होती. तिचे यजमान मारोतराव कोपऱ्यात बसले होते. जावयाला आमच्या बैठकीत मताचा अधिकार नव्हता, जेवणाचा होता, आणि तो ते नेमानं बजावत.

देवाजींचा धाकटा भाऊ धोंडबा नरखेडहून पहाटेच्या एसटीनं पोतंभर संत्री घेऊन आला होता. दारात शिरतानाच त्यानं प्रेमिलाच्या कानात सांगितलं की पोरी, माहं मत तुले. मग चुलीशी जाऊन सिंधूताईला सांगितलं, माहं मत तुले. धोंडबाला खोटं बोलायचं नसायचं. समोरच्या माणसाला बरं वाटावं एवढंच त्याच्या मनात असायचं.

आणि प्रेमिला? ती भिंतीला टेकून गप्प बसली होती, कारण विषय तिचाच होता.

तिचा स्वतःचा विषय मात्र नातेवाइकांत चेष्टेचा झाला होता. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत आपसातच मोठं युद्ध झालं. ते संपलं तेव्हा चाळीस लाख गुलाम मोकळे झाले. मोकळे झाल्यावर पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी काय काय केलं आणि त्यांना काय काय करू दिलं नाही, यावर ती पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होती. तिच्या विभागप्रमुखांनी परोपरीनं समजावलं होतं की बाई, भोसल्यांच्या काळातला एखादा किल्ला घ्या, कागद इथंच मिळतील. पण ती ऐकेना. ती म्हणायची, "तू मोकळा झालास असं कोणी सांगितल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करते, ते मले पाहायचं आहे." नागपूरच्या इंदोऱ्यात, दीक्षा घेतलेल्यांच्या वस्तीत राहून हा प्रश्न का पडतो, हे प्रमुखांना समजलं नाही, आणि आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पाच वर्षं तिनं दिल्ली-मुंबईहून मागवलेल्या पुस्तकांवर काढली. पण ती पुस्तकं म्हणजे दुसऱ्यांनी वाचून सांगितलेलं. त्या काळच्या कचेऱ्यांतल्या मूळ वह्या तिकडे होत्या. आता तिकडच्या एका विद्यापीठाचं पत्र आलं होतं की या, वर्षभर राहा, वह्या बघा, जाण्यायेण्याचं आम्ही पाहतो. एकतीस मार्चच्या आत होकार कळवायचा होता. होकार गेला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती आणि प्रबंध उष्ट्यावरच संपवावा लागणार होता. तशी ती न विचारता सही करू शकली असती. पण बाप गेल्यावर तिला हाताला धरून शाळेत नेणारे आबाजीच, म्हणजे आजोबा देवाजीच होते. तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही, असा शब्द तिनं मॅट्रिकच्या वर्षी दिला होता, आणि तो आता तिच्या गळ्याशी आला होता.

प्रबंध लिहायची तिची एक तऱ्हा होती. प्रकरण लिहून झालं की ती दुपारी आजीजवळ, म्हणजे भीमाबाईजवळ, बसायची आणि सगळं आपल्या बोलीत करून वाचून दाखवायची. आजीला समजलं तर परीक्षकांनाही समजेल, असा हिशेब. भीमाबाई गोधडी शिवता शिवता ऐकायची. अमेरिकेतल्या त्या मोकळ्या झालेल्यांना ती 'तिकडचे आपले लोक' म्हणायची, आणि घरच्या माणसांसारखी त्यांची चौकशी करायची. शाळेचं झालं का, गं, त्यांच्या? जमीन देतो म्हनले होते, देली का?

त्या हिवाळ्यात प्रेमिलानं एका म्हाताऱ्या जोडप्याची नोंद वाचली होती. चाळीस वर्षं एकत्र राहिलेले, नातवंडं झालेले. पण गुलामांचं लग्न कायदा धरतच नसे, मालकाच्या मनात आलं की नवरा इकडे आणि बायको तिकडे विकली जाई. युद्ध संपल्यावर ती दोघं आठ मैल चालत कचेरीत गेली आणि म्हणाली, आमचं लग्न वहीत लिहा. कारकुनानं आधी म्हाताऱ्याला विचारलं आणि मग म्हातारीला विचारलं, तुझी मर्जी आहे का.

भीमाबाईची सुई तिथं थांबली होती.

"बाईले इचारलं?"

"हो आजी."

"कारकुनानं?"

"हो. असं लिहिलेलं आहे."

"अजून एकदा वाच."

प्रेमिलानं ते तीनदा वाचलं. भीमाबाईनं सुईत नवा दोरा ओवला आणि पुढं काही बोलली नाही. ती काही बोलली नाही म्हणजे काहीतरी शिजतं आहे, हे ओळखायला आमच्या घरात कोणीच शिकलं नाही.

तर बैठक सुरू झाली. सिंधूताईनं ठराव मांडला, देवाजींनी अध्यक्ष असूनही स्वतःच अनुमोदन दिलं. प्रेमिलाची आई कौशल्या, महापालिकेच्या शाळेतली मास्तरीण, तिनं विरोधात हात वर केला. सासऱ्याच्या विरोधात तिनं हात वर करायची ही पहिलीच वेळ होती आणि तो खांद्यापर्यंतच गेला. पण गेला. धोंडबा बराच वेळ छताकडे पाहत होता. देवाजींनी खाकरलं तसा त्याचा हात ठरावाच्या बाजूनं वर गेला, आणि त्यानं प्रेमिलाकडे पाहून दुसऱ्या हातानं कानाची पाळी धरली. भीमाबाई म्हणाली, मी तटस्थ.

तीन विरुद्ध एक. मे महिन्यात लग्न. विषय दुसरा तूर्त तहकूब. देवाजींनी वहीत लिहिलं आणि शाई वाळायला फुंकर मारली.

प्रेमिलानं मान खाली घातली. कौशल्या उठून स्वयंपाकघराकडे निघाली, कारण डोळे पुसायला तिथं धुराचं निमित्त मिळतं. मारोतरावांनी पाटाच्या दिशेनं नजर टाकली. देवाजींनी टोपी घालता घालता सवयीनं पुकारा केला, आयत्या वेळचे विषय.

"माहा एक हाये," भीमाबाई म्हणाली.

देवाजींनी टोपी परत काढली. नियम म्हणजे नियम.

भीमाबाईनं शांतपणे सांगितलं ते असं. छप्पन साली आपण दीक्षा घेतली. जुने देव मानणार नाही, जुने विधी करणार नाही, असं आपण लाखो लोकांत बोललो. यजमान तर पहिल्या रांगेत होते, ते आजपर्यंत सांगून राहिले. मागच्या साली शेजारच्या बाईनं सत्यनारायण घालायचं नुसतं मनात आणलं तर यांनीच जाऊन तिला प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या. बरोबर? बरोबर. तर मग आपलं लग्न लागलं एकवीस साली, जुन्या देवासमोर, जुन्या विधीनं. ते देव गेले, ते विधी गेले. लग्न कुठं राहिलं?

"म्हनजे," ती म्हणाली, "अठरा वर्सं झाली, मी या मानसाच्या घरी बिनलग्नाची राहून राहिली."

धोंडबाला ठसका लागला. सिंधूताईनं तोंडाला पदर लावला आणि पदरामागं ती काय करत होती हे कोणी सांगू शकणार नाही. देवाजी म्हणाले की हा विषय नियमबाह्य आहे. भीमाबाईनं विचारलं, कोणत्या नियमानं? देवाजींनी वही चाळली. पहिला नियम तिला लावला तर तोंड त्यांनाही बंद करावं लागत होतं, आणि आयत्या वेळी कोणालाही काहीही मांडता येत होतं; नियम त्यांचेच होते आणि चांगले पक्के होते.

शेवटी मागल्या गल्लीतून वासनिक गुरुजींना बोलावणं गेलं. गुरुजी निवृत्त मास्तर, वस्तीतली लग्नं तेच लावत. त्यांनी सगळं दोनदा ऐकून घेतलं, पहिल्यांदा समजायला आणि दुसऱ्यांदा मजा म्हणून. मग ते म्हणाले की जुनं लग्न मोडत नाही, पुन्हा लावायची तशी काही गरज नाही. देवाजींच्या जिवात जीव आला.

"गरज नाही, बरोबर," भीमाबाई म्हणाली. "पन लावलं तर चालते का?"

"चालते ना," गुरुजी म्हणाले. "कोण नाही म्हणते?"

"मंग माही मर्जी हाये," असं म्हणून ती उठली, आपली वळकटी उचलली आणि कौशल्या-प्रेमिलाच्या खोलीत नेऊन टाकली. लग्न होईस्तोवर परपुरुषाचं आपण काही करणार नाही, चहासुद्धा नाही, एवढं ती जाता जाता सांगून गेली.

पुढचा आठवडा देवाजींनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. सोमवारी त्यांनी स्वतः चहा केला आणि घरातलं दूध संपवलं. मंगळवारी कौशल्याकडे मागितला, तर ती सून अदबीनं म्हणाली, मामाजी, सासूबाईंनी सांगितलं आहे की नवरदेवाकडच्यांचं नवरदेवाकडच्यांनी पाहावं. नवरदेवाकडचा म्हणजे धोंडबा. तो गावी परत जायचं सोडून तमाशा बघायला थांबला होता आणि दोन्ही वेळेला संत्री खाऊन राहत होता. बुधवारी बातमी नळावर गेली. गुरुवारी देवाजी चौकातून जात असताना समितीच्या पोरांनी उठून जयभीम घातला आणि विचारलं की आबाजी, पत्रिका कधी वाटून राहिले?

देवाजींना राग आला, पण खरं सांगायचं तर रागाखाली भीती होती. बाई घरातच, दहा पावलांवर, आणि तरी गेल्यासारखी. रात्री खोकला आला तर कोणी 'पाणी देऊ का' विचारत नव्हतं. त्रेपन्न वर्षांत त्यांनी कधी ऐकलं नव्हतं की त्यांच्या घरात इतकं शांत असतं.

खरी फितूर झाली ती सिंधूताई. ती आली होती आईला समजवायला. माय, या वयात काय हे, लोक हसून राहिले, वगैरे पाठ करून आली होती. भीमाबाईनं तिला समोर बसवून विचारलं, "तुह्या लग्नात तुले कोनं इचारलं होतं काय वं?" सिंधूताईनं बराच विचार केला. बांगड्या कोणत्या घ्यायच्या ते विचारलं होतं, ती म्हणाली. मग तिला एकदम रडू आलं आणि रडता रडता हसूही आलं. संध्याकाळी ती मारोतरावांशी बोलेना. कारण त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, पंचवीस वर्षं उशीर झाला तुमाले इचाराले. शुक्रवारी तिनं मायसाठी बौद्ध लग्नात नवरी नेसते तसं पांढरं लुगडं आणलं.

शनिवारी सकाळी देवाजी कौशल्याच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि छापील मराठीत म्हणाले की प्रस्ताव मान्य आहे. आतून उत्तर आलं की उद्या धा वाजता.

रविवारी दहाला अंगणात अर्धी वस्ती होती. लहान मुलं पुढं, बाया भिंतीवर. बुद्धाच्या मूर्तीपुढं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या. वंदना झाली. देवाजी नव्या सदऱ्यात अवघडून बसले होते. त्यांच्या बाजूला एकटा धोंडबा. बाकी झाडून सगळं घर नवरीकडचं झालं होतं. प्रेमिला आजीच्या मागं उभी होती. आठवडाभर तीही हसत होती, पण पत्र तिच्या पर्समध्ये होतं आणि कॅलेंडरवर मार्चचे सहाच दिवस उरले होते.

आमच्यात आधी वर पाच वचनं देतो. गुरुजी सांगत गेले, देवाजी मागून म्हणत गेले. पत्नीचा सन्मान करीन. तिचा अपमान करणार नाही. तिच्याशी एकनिष्ठ राहीन.

"चौथं," गुरुजी म्हणाले. "घरच्या कारभाराचा अधिकार मी माझ्या पत्नीच्या हाती सोपवीन."

देवाजी ते म्हणाले. शंभर लग्नांत त्यांनी ते ऐकलं होतं आणि त्या सगळ्या नवरदेवांसारखेच ते घाईनं म्हणून गेले. भीमाबाईनं कानामागं हात धरला आणि गुरुजींना सांगितलं की हे ऐकू आलं नाही, भिंतीवरच्या बायांनाही आलं नसेल. देवाजींनी पुन्हा म्हटलं, चांगलं खणखणीत, जुन्या सभांतल्यासारखं. प्रेमिलानं चमकून आजीकडे पाहिलं. भीमाबाई समोर बघत होती, अगदी नव्या नवरीसारखी.

पाचवं दागिन्या-कपड्यांचं, तेही झालं. मग गुरुजी वधूकडे वळले आणि विचारलं, भीमाबाई, तुमची मर्जी आहे का?

भीमाबाईनं आधी पदर नीट केला.

गुरुजींनी वाट पाहिली. अंगणात खसखस पिकली, मग थांबली. भीमाबाईनं सावकाश सांगितलं की ती नऊ वर्षांची होती. लग्न लागायला उशीर झाला म्हणून ती मामाच्या मांडीवर झोपून गेली. जाग आली तेव्हा ती बैलगाडीत होती आणि लग्न होऊन गेलं होतं. आईला हाक मारली तर गाडीत आई नव्हती.

"मले आज पहिल्यांदा कोनी तरी इचारलं," ती म्हणाली. "जरा टाइम लागन."

आणि तिनं खरंच वेळ घेतला. देवाजींना आधी वाटलं ही चेष्टा आहे. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ही नाही म्हणू शकते, हे त्यांच्या ध्यानात आलं. विचारलं की माणूस नाहीही म्हणू शकतो. त्यांनी हातातला हार मांडीवर ठेवला.

"भीमा," ते म्हणाले. तिचं नाव त्यांनी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. "राहशील ना वं माह्यासंगं?"

"राहीन," भीमाबाई म्हणाली. "आता राहीन."

तिनं आपली वचनं दिली, हार झाले, फुलं पडली. बायांनी डोळे पुसले. मारोतराव सिंधूताईकडे पाहत होते आणि सिंधूताई त्यांच्याकडे पाहत नव्हती.

धोंडबा संत्री वाटायला लागला, तेवढ्यात भीमाबाई चालत ओसरीवर गेली आणि देवाजींच्या खुर्चीत बसली. अध्यक्षांच्या खुर्चीत. तिनं कौशल्याला ठरावांची लाल वही आणायला सांगितली आणि म्हणाली की मागच्या रविवारचा ठराव रद्द.

देवाजी म्हणाले की त्याला बैठक लागते, सूचक लागतो. ती म्हणाली की बैठक तुमची, कारभार माझा, दोनदा बोललात. गुरुजी हातातलं संत्रं मोठ्या बारकाईनं निरखायला लागले. धोंडबानं दोन्ही हात वर केले आणि मागच्या वेळचं मत परत घेतो म्हणून सांगितलं. सिंधूताईनं सांगितलं की अजनीवाल्यांना ती स्वतः कळवेल, पोरगी पळून जाऊन राहिली नाही, शिकाले जाऊन राहिली.

देवाजी पायरीवर बसले. आता त्यांचं छापील मराठी संपलं होतं.

"उदाराम नोकरीवर गेला तं आला नाही," ते म्हणाले. "तार आली. रातभर गाडीत बसून गेलो तरी तोंड पाहाले भेटलं नाही. हे तं समुद्रापल्याड. तितं मी कसा पोचू?"

उदाराम त्यांचा मुलगा, प्रेमिलाचा बाप. बाहेरगावी विषमज्वरानं गेला त्याला सोळा वर्षं झाली होती, आणि या सोळा वर्षांत देवाजी त्याचं नाव घेऊन असं बोलले नव्हते. कौशल्यानं खांब धरला.

भीमाबाई खुर्चीतून उठली नाही, पण तिचा आवाज उतरला. "मी त्याची माय होय. त्याची शिदोरी मीच बांधून देली होती. पन आपन भेलो म्हनून त्याच्या पोरीले बसवून ठेवाचं काय?"

देवाजी गळ्यातल्या हाराच्या पाकळ्या तोडत बसले. मग त्यांनी मान वर केली आणि प्रेमिलाकडे पाहिलं. दोन रविवार, सहा माणसं, स्थळ, पत्र, ठराव, मतदान. आणि जिचं सगळं चाललं होतं तिला तोंड उघडायची बंदी. तो नियम कोणी केला होता? त्यांनीच केला होता. आपली म्हातारी आपल्याला आज हारात घालून कुठं घेऊन आली, हे तेव्हा त्यांना कळलं. ते मनातल्या मनात हसले की चिडले, आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही.

"पोरी," ते म्हणाले, "तुही मर्जी हाये काय, जायाची?"

कॉलेजात शंभर पोरांपुढं न अडखळता बोलणाऱ्या प्रेमिलानं नुसती मान हलवली.

"मान हलवून चालत नाही. वहीत शब्द लागते."

"हो आबाजी. आहे."

देवाजींनी वही मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि मागच्या ठरावावर एक आडवी रेघ मारली. खाली त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: संबंधित व्यक्तीस विचारण्यात आले. ती हो म्हणाली. मग पेन भीमाबाईपुढं केलं. प्रेमिलानं शिकवलेली सही तिला येत होती, तिला वेळ लागला तरी कोणी घाई केली नाही. प्रेमिला वाकून ती ओळ वाचत होती. ज्या वह्या पाहायला ती इतक्या लांब निघाली होती, त्यांतल्या नोंदी अशाच एवढ्याशा असत.

देवाजींनी शाईवर फुंकर मारली आणि सवयीनं विचारलं, आयत्या वेळचे विषय?

सिंधूताईनं हात वर केला, आणि मारोतरावांच्या हातातली संत्र्याची फोड तोंडाशी जाऊन तिथंच थांबली.